दुसऱ्याची तलवार

ही गोष्ट सांगितली तर तुम्ही मला पुन्हा मास्तर म्हणाल की नाही, याचीच शंका आहे. पण तुम्ही चहा पाजलाय, आणि चहा पिऊन गप्प बसायचा माझा स्वभाव नाही. तर ऐका. कुणी स्वतःच्या लग्नाचा घोळ घालतो, कुणी मित्राच्या लग्नाचा. मी एकाच सकाळी, एकाच पाटावर, दोन्हींचा घातला. आणि घालत असताना हातात वही-पेन्सिल घेऊन त्याची नोंदही करत होतो.

लढाईचे दिवस होते. मी कडेगावजवळच्या एका गावात लोकल बोर्डाच्या शाळेवर मास्तर होतो. वय सव्वीस. आमच्या भागातले निम्मे गडी पलटणीत गेलेले. मीही भरतीला गेलो होतो, पण छातीचं माप घेणाऱ्यानं फीत एकदा गुंडाळली, पुन्हा उलगडली, पुन्हा गुंडाळली आणि "जेवत जा" एवढंच म्हणून पुढच्याला बोलावलं. ती सगळी कसर मी एका ऐतिहासिक कादंबरीत भरून काढत होतो.

कादंबरीचा नायक सरदार रायाजी. छाती केवढी, ते मी पहिल्याच पानावर लिहिलं होतं. हा रायाजी चंद्राऊ नावाच्या मुलीला बघायला जातो, किरकोळ कारणावरून रागावून उठतो, घोड्यावर बसतो आणि मोहिमेवर निघून जातो. पुढं बारा वर्षं त्याला पश्चात्ताप होतो. मग दैव त्याला दुसरी संधी देतं. वाचणाऱ्यानं पदर ओला करावा असा माझा बेत होता.

आता रायाजीचं हे रागावून उठणं मला सुचलं कुठून? तेच तर सांगायचंय.

त्याआधी दोन वर्षं मी स्वतः आष्ट्याला मुलगी बघायला गेलो होतो. मुलीचं नाव कुसुम. वडील नव्हते, आजोबांनी वाढवलेली. आजोबांना सगळे आबा सुभेदार म्हणत. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, उसाची चांगली शेती, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगी सातवीची फायनल पास आहे असं कळल्यावर मी काय करावं? लोक मुलीला चालायला लावतात, सुईत दोरा ओवायला लावतात. मी कादंबरीचं पहिलं प्रकरण पुढं केलं आणि म्हटलं, "वाचून दाखवा."

तिनं वाचलं. छान, खणखणीत वाचलं. मी तर निम्मा विरघळलो होतो. मग तिनं पान खाली ठेवलं आणि म्हणाली, "एक इचारू का?"

"विचारा की."

"हितं विहिरी आटल्यात, उन्हाळा हाय, असं लिवलंय. आन् फुडच्या पानावर रायाजी शेतात बसून हुरडा खातोय. उन्हाळ्यात हुरडा कुठनं आला?"

सगळी बैठक हसली. आबा हसले, माझे वडील हसले, चहाचा ट्रे घेऊन आलेली बाईसुद्धा दारात थांबून हसली. मी शेतकऱ्याचा मुलगा, मला ज्वारीचा हुरडा कधी येतो ते माहीत नाही? माहीत होतं. लिहिण्याच्या भरात राहून गेलं. पण त्या वयात चूक कबूल करायची म्हणजे मिशी काढून देण्यासारखं वाटायचं. मी घरी आलो आणि वडिलांना सांगून टाकलं, पत्रिका जुळत नाही असं कळवा.

कळवलं. आणि दुसऱ्या दिवशी हुरड्याचं पान काढून बघितलं, तर मुलीचं शंभर टक्के खरं. मी मुकाट्यानं हुरड्याच्या जागी कैरी घातली. मग प्रत्येक पान लिहिताना मला तीच दिसायला लागली. हे वाचून ती काय म्हणेल? घोडा फार पळाला का? चंद्र अमावास्येला तर उगवला नाही ना? दोन वर्षं मी तिच्या धाकानं लिहीत होतो. प्रेम म्हणजे काय ते मला दुसरं कुणी समजावून सांगितलं असतं, तर मी त्याला खुळ्यात काढलं असतं. पण खरं सांगतो, ती मला फार आठवायची.

तेवढ्यात कळलं, तिचं लग्न अजून झालेलं नाही. मग मी युक्ती काढली. मला आजही वाटतं, युक्ती उत्तम होती. बिघडली ती माझ्या हातून, तो भाग वेगळा.

कादंबरीत पुढं असं होतं की बारा वर्षांनी रायाजीला चंद्राऊचा निरोप जातो, पण तो मोहिमेवर अडकलेला. मग तो आपली तलवार पाठवतो, आणि चंद्राऊचं लग्न त्या तलवारीशी लागतं. ही जुनी रीत बरं का, मी मनानं घातलेली नाही. नवरदेव लांब असला की त्याची तलवार पाटावर ठेवायची आणि नवरीनं तिला माळ घालायची. खांड्याचं लग्न म्हणत. ते प्रकरण मी आबांना टपालानं धाडलं, 'आपण जाणते आहात, चुका दाखवाव्यात' म्हणून. आता आबांना दिसत नाही, म्हणजे वाचून कोण दाखवणार? कुसुम. आणि त्या प्रकरणात रायाजी तीन पानं नुसता पस्तावतो. हुशार मुलीला कळायला तेवढं पुरे होतं.

एकच अडचण होती. लढाईमुळं कागद मिळत नव्हता, म्हणून मी ते प्रकरण शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या पाठीवर उतरवलं होतं.

आठ दिवसांत कार्ड आलं. अक्षर कुसुमचं. 'आपले प्रकरण आबांस वाचून दाखविले. तलवारीचे वर्णन चुकले आहे. येत्या गुरुवारी सकाळी समक्ष यावे. येताना घरची तलवार आणावी. उशीर करू नये.'

मी ते कार्ड किती वेळा वाचलं ते सांगत नाही. 'समक्ष यावे' यावर मी इतका खूश झालो की बाकीच्या शब्दांकडं नीट बघितलंच नाही.

पण तलवार? मी कादंबरीत आमच्या घराण्याला पाचशे घोडेस्वार दिले होते. प्रत्यक्षात घरात धारेचं म्हणाल तर दोन विळे, एक कुऱ्हाड आणि आईची विळी. गावात खरी तलवार एकाच घरी होती, हिंदूरावाच्या. हिंदूराव माझा वर्गमित्र, तेव्हा ब्रह्मदेशात लढाईवर. घरी त्याची आई, तिला आम्ही सगळे काकी म्हणायचो. मी बुधवारी सकाळीच काकींकडं गेलो.

"काकी, तुमची तलवार न्यायला आलोय. आष्ट्याला, आबा सुभेदारांकडं."

काकींनी हातातलं सूप खाली ठेवलं. "तुलाच धाडलं व्हय त्येंनी?"

"मलाच बोलावलंय."

"बरं झालं. तू घरचाच हायस." आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला.

आता मला सांगा, तलवार मागायला आलेल्या माणसाला बघून कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं का? मला शंका यायला हवी होती. पण मी म्हटलं, मुलाची आठवण आली असेल.

काकींनी तलवार काढली, पुसली, मुठीला हळदकुंकू लावलं, दोऱ्यात हळकुंड ओवून मुठीला बांधलं. मग स्वतःच्या लग्नातला जरीचा शेला काढून त्यात ती गुंडाळली. बरोबर नारळ, पाच सुपाऱ्या, एक पगडी. मी मनात म्हटलं, काय ही शस्त्राची बूज. हे सगळं कादंबरीत घालायला पाहिजे.

"तुम्ही चला की बरोबर," मी उगीच म्हटलं.

"न्हाई रं बाबा. तूच वाचून दावलंवतंस न्हवं का शाळंच्या वट्यावर? तलवारीसंगं घरचं कुणी जात न्हाई, एक इस्वासाचा माणूस जातो. मी ध्येनात ठिवलंय." आणि माझ्या हातात ते गाठोडं देत म्हणाल्या, "जपून पोचीव, शामा. माझ्या घरची लक्ष्मी तुझ्या हातात हाय."

खरं तर त्या प्रकरणात मी वरात घातली नव्हती, कारण कागद संपत आला होता. एक विश्वासू सेवक आठ ओळींत भागला. काकींनी त्याचा शास्त्राधार करून टाकला.

आता तुम्हाला म्हणून आत्ताच सांगून टाकतो, मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. हिंदूरावासाठी काकींनी आष्ट्याची हीच मुलगी ठरवत आणली होती. जमेपर्यंत वाच्यता नको म्हणून गावात कुणाला सांगितलं नव्हतं. अडलं होतं ते हिंदूरावाच्या रजेपाशी. आणि आबांनी माझं प्रकरण ऐकलं, मांडीवर थाप मारली आणि काकींना सांगावा धाडला, रजा मिळत नसेल तर गुरुवारी तलवार धाडा. म्हणजे बघा, दुसऱ्याचं लग्न जमवायची वाट मीच लिहून दिली होती, हजेरीपटाच्या पाठीवर.

बुधवारी सांगलीला मुक्काम केला आणि गुरुवारी सकाळी आष्ट्याची सर्व्हिस मोटार धरली. त्या दिवसांत पेट्रोल नव्हतं, मोटारी कोळशावर चालायच्या. मागं भट्टी, तिला पंखा घालायचा, मग गाडी खोकत खोकत निघायची. माझ्या शेजारी बांगड्यांची टोपली घेऊन एक कासारीण बसली होती. नाक्यावर पोलीस चढला. आमच्या जिल्ह्यात तेव्हा चळवळीमुळं पोलीस फार बारीक बघायचे, आणि मांडीवर दोन हात लांब, टणक गाठोडं घेतलेला माणूस मी एकटाच.

"काय हाय त्यात?"

घाबरलो की माझी पुस्तकी भाषा मला सोडून पळून जाते. तोंडातून निघालं, "लग्नाचं सामान हाय जी."

त्यानं शेला बघितला, जरीचे काठ बघितले, लोंबणारं हळकुंड बघितलं. "कुणाकडं?"

"आष्ट्याला, आबा सुभेदारांकडं."

पोलीस उतरला. मी घाम पुसला. पण शेजारची कासारीण माझ्याकडं वळून बसली. "कुसुमचं लगीन? आन् मला ठावं न्हाई?"

मी काही बोलायच्या आत मोटार चढावर थांबली. बाप्यांनी खाली उतरून ढकलायची, हा तेव्हाचा नियमच. मी गाठोडं पाठीला बांधून ढकलायला लागलो. कासारीण मात्र मागून आलेल्या बैलगाडीत टोपलीसकट बसली आणि माझ्या डोळ्यांदेखत पुढं निघून गेली.

मी आबांच्या दारात पोचलो तेव्हा दारात रांगोळी होती. अंगणात वीस-पंचवीस माणसं, बायका ओवाळायला ताट घेऊन उभ्या. मला वाटलं, लेखकाचा एवढा मान आपल्याकडं क्वचितच होतो. मी टोपी सरळ केली आणि पुढं झालो.

ओवाळलं. पण मला नाही, गाठोड्याला. मला एका बाईनं कोपरानं जरा बाजूला केलं.

आबा खाटेवर बसले होते. त्यांनी तलवार मांडीवर घेतली, बोटांनी मूठ चाचपली. "हीच. मुठीवरची ही खोक म्या बघितलीया. हिंदूरावाचा आज्जा आन् मी एकाच पलटणीत हुतो." मग माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "मास्तर, तुमीच आणली? झ्याक झालं. आता रीत कशी असती ती बघा. तुमचं प्रकरण कच्चं हाय."

"म्हणूनच आलोय आबा. तुम्ही दाखवा, मी लिहून घेतो."

"आन् एक इचारायचं हुतं. त्यो गणू तुकाराम कोण?"

"कोण गणू तुकाराम?"

"तुमच्या कादंबरीतला. चंद्राऊ रडाय लागली की मधीच येतो, 'गणू तुकाराम, गैरहजर.' दर लढाईला गैरहजर. फितूर झाला का काय?"

कुसुमनं हजेरीपट दोन्ही बाजूंनी वाचून दाखवला होता. आता ते मुद्दाम की कसं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

मग सुरू झालं. पाट मांडला, पाटावर तक्क्या, तक्क्याला टेकून तलवार उभी. काकींनी दिलेली पगडी मुठीवर. भटजी आले. मला वाटलं, वा. आबा सगळा सोहळा करूनच दाखवणार आहेत. एका कादंबरीकारासाठी म्हाताऱ्यानं गाव गोळा केलं. मी वही काढली आणि कामाला लागलो. हसू नका. मी नुसता लिहीत नव्हतो, मी सूचना करत होतो.

"पगडी जरा डावीकडं," मी म्हणालो. केली.

"मुंडावळ्या नाहीत का?" आणल्या. त्या मुठीला कशा बांधायच्या हे कुणाला कळेना, तर मीच बांधल्या. दोन गाठी. पक्क्या.

"हळद कधी लावतात? आधी? मग लावा की. मला बघायचंय." लावली.

भटजी म्हणाले, "मुहूर्ताला अजून थोडा अवकाश आहे." मी म्हणालो, "आटपा हो. दुपारच्या मोटारीनं मला परत जायचंय." माझ्या मनात होतं की हा खेळ आटपला की कुसुमशी दोन शब्द बोलायला मिळतील. त्यासाठी घाई.

मग तिला बाहेर आणलं. हिरवी साडी, आणि हातभर हिरवा चुडा, कासारणीनं नुकताच भरलेला. दोन वर्षांनी बघत होतो. पेन्सिल माझ्या हातातच राहिली. तिनं मान वर करून पाटावरची तलवार बघितली, मग माझ्याकडं बघितलं, आणि हसली. खालच्या मानेनं, पण हसली. मला कळलं, रायाजीची तीन पानं पोचली. मी मनातल्या मनात देवाला नारळ कबूल केला.

अंतरपाट धरला. अलीकडं पाटावर तलवार, पलीकडं कुसुम, आणि तलवारीच्या बाजूला वही घेऊन मी. भटजींनी विचारलं, "वराचं नाव?"

आबा म्हणाले, "हिंदूराव बळवंतराव."

मी ते वहीत लिहिलं. होय, लिहिलं. 'वर' लिहून पुढं दोन टिंबं दिली आणि 'हिंदूराव' लिहिलं. मग थांबलो.

अंतरपाटाच्या वरून कुसुमचे डोळे दिसले. ती हसत नव्हती.

"थांबा," मी म्हणालो.

"आता काय ऱ्हायलं लिवायचं?" आबा.

"आबा, ह्ये लगीन खरं हाय?" भाषा पळाली होती.

"मग काय सोंग हाय? हिंदूरावाची तलवार, तुमी आणली, तुमीच मुंडावळ्या बांधल्या. आन् घाई पण तुमीच केली."

सगळं खरं होतं. एकही गोष्ट नाकारता येत नव्हती. भटजींनी अक्षता वाटल्या होत्या, माझ्याही मुठीत होत्या. मंगलाष्टकांच्या चार ओळी म्हटल्या असत्या तर कुसुम ब्रह्मदेशातल्या माणसाची बायको झाली असती, आणि पहिल्या अक्षता मी टाकल्या असत्या. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की ही मुलगी दुसऱ्यांदा माझ्या हातून जातेय, आणि याही वेळी मीच घालवतोय.

तेवढ्यात कुसुमनं अंतरपाट हातानं खाली केला. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"मास्तर, म्या कार्डात काय लिवलं हुतं?"

"तलवार आणावी."

"घरची तलवार आणावी, असं लिवलं हुतं. हितं हिंदूरावांची तलवार येणार हे कळल्यावर लिवलं. तुमची आदी पोचावी म्हणून लिवलं."

"आमच्या घरी तलवार न्हाई."

"मग दुसऱ्याची घिऊन माझ्या दारात आलासा?"

याचं उत्तर तुमच्याकडं असलं तर सांगा, मी इतकी वर्षं शोधतोय.

आबांना काही कळेना. कुसुमनंच त्यांना सांगितलं. "आबा, त्यो रायाजी म्हंजी ह्येच. दोन वर्सांमागं मला नाकारून गेलं, आता पस्तावल्यात. कादंबरी धाडून सांगत्यात."

आबा म्हणाले, "एवढ्यासाठी तीन पानं? आन् नाकारलं का हुतं? पत्रिका जुळत न्हवती न्हवं?"

"हो, म्हणजे पत्रिकाच..." मी सुरुवात केली.

भटजी म्हणाले, "पत्रिका मीच पाहिली होती. उत्तम जुळत होती."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कुसुम पण. तिनं एवढंच म्हटलं, "समद्यांसमोर सांगा."

म्हणजे काय ते मला कळलं. पंचवीस माणसं, एक भटजी आणि मुंडावळ्या बांधलेली एक तलवार, एवढ्यांसमोर मी टोपी काढली. "पत्रिका जुळत होती. हुरडा जुळत नव्हता. उन्हाळ्यात हुरडा नसतो. त्यांनी चूक दाखवली, ती बरोबर होती, आणि मला राग आला. चुकलं माझं."

"एवढ्यावरनं?" आबा.

"एवढ्यावरनं."

"आगं बया," कासारीण म्हणाली, "हुरडा कुणी उन्हाळ्यात खातं व्हय?"

अंगण हसायला लागलं ते थांबेचना. अंतरपाट धरणारा तर खालीच बसला. गंमत अशी की मला राग आला नाही. दोन वर्षं छातीत अडकलेलं काहीतरी निघून गेलं, आणि मीही हसलो.

आबा मात्र हसत नव्हते. "ह्ये सगळं ठीक. पर ओवाळून घेतलेली तलवार मोकळी परत धाडायची कशी? आन् तुमाला तर तलवारच न्हाई."

आता बघा, आयुष्यात मला एकच मुद्दा वेळेवर सुचला, तो हा. "आबा, तलवार कवा लागती? नवरा हजर नसंल तवा. मी हजर हाय. जिता, सगळा, हितं उभा हाय."

आबांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "व्हय की. तुमच्याकडं कुणाचं ध्यानच गेलं न्हाई." मग म्हणाले, "कुसुम, तूच बोल पोरी. तलवार का मास्तर?"

तिनं आधी तलवारीकडं बघितलं. खरं सांगतो, तलवार माझ्यापेक्षा देखणी दिसत होती. पगडी, मुंडावळ्या, हळद, काही कमी नव्हतं, आणि ते सगळं मीच केलेलं. मग तिनं माझ्याकडं बघितलं. घामानं भिजलेला सदरा, मोटार ढकलून काळे झालेले हात, एका हातात टोपी, एका हातात वही.

"तलवार झ्याक हाय," ती म्हणाली. "पर तिला 'चुकलं' म्हणता येत न्हाई. मास्तरांना आलं. उशिरानं आलं, पर आलं."

मी पुढं काय केलं असेल? मुठीतल्या अक्षता घाबरून तिथल्या तिथं टाकून दिल्या. त्या तलवारीवर पडल्या. भटजींनी कपाळाला हात लावला.

त्या दिवशी लग्न झालं नाही, माझे आईवडील नव्हते ना तिथं. फक्त सुपारी फोडली, तीही काकींच्या पाचांपैकी. वैशाखातला मुहूर्त धरला. आणि मी शेल्यात गुंडाळलेली, हळद लागलेली तलवार घेऊन परत निघालो. येताना जेवढी जड लागली नव्हती तेवढी जाताना लागली, कारण काकींनी गावात तोवर गूळ वाटला होता.

काकी माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या, ते योग्यच होतं. वाईट मलाही फार वाटलं, त्या बाईनं लग्नातला शेला विश्वासानं दिला होता. शेवटी हिंदूरावानंच पलटणीतून पत्र लिहून त्यांची समजूत काढली. त्यानं लिहिलं होतं, 'आई, तलवारीच्या लग्नाची मला आधी धास्ती वाटत होती आणि आता हसू येतंय. मास्तराला मी लहानपणापासून ओळखतो. त्याला रागावून उपयोग नाही.' पुढं तो सुखरूप आला, विट्याची चांगली मुलगी केली. लग्नाला माणसाप्रमाणं हजर राहिला.

आणि काकी माझ्या लग्नाला आल्या, त्या तलवार घेऊनच. "त्या दारातनं ती मान न घेता फिरली," म्हणाल्या, "एकदा तिला मानानं आत जाऊ दे." मग आबांनी हट्ट धरला की सांगलीला जाऊन फोटो काढायचा, आणि फोटोत तलवार पाहिजे. गेलो. फोटोवाल्यानं कुसुमला खुर्चीवर बसवलं, मला शेजारी उभं केलं आणि तलवार सरळ धरायला सांगितली. मी जीव तोडून सरळ धरली.

फोटो आला. कुसुम अगदी मधोमध, सुरेख. शेजारी तलवार, टोकापासून मुठीपर्यंत पूर्ण. आणि तलवारीच्या मुठीवर एक हात. मनगटापर्यंत. बाकी मी चौकटीच्या बाहेर. पुन्हा काढायचा म्हटलं तर फोटोवाला म्हणाला, लढाईमुळं फोटोच्या काचा मिळत नाहीत.

तोच फोटो आमच्या दिवाणखान्यात लावलाय. नवा पाहुणा आला की तो बघतो आणि हळू आवाजात कुसुमला विचारतो, "लग्नाच्या येळी येजमान लढाईवर हुतं काय?"

मी तिथंच खुर्चीवर बसलेला असतो. ती माझ्याकडं बघतसुद्धा नाही. सुपारी कातरत सांगते, "व्हय जी. नवरा आलाच न्हाई. तलवार पोचवायला आलेला गडी बरा वाटला, त्योच ठिवून घेतला."